हातावर बांधलेला आवाज

१

दुपारचं जेवण झालं, ओटा पुसून झाला, की आम्ही दोघं सिनेमा बघतो. मुलगा आणि सून कामावर गेलेले असतात, घर आमचंच असतं. तळमजल्यावरची मागची खोली मुलाने सिनेमासाठीच करून घेतली आहे. खिडक्यांना जाड पडदे, समोर भिंतभर टीव्ही, त्याखाली एक लांबट स्पीकर, बाकीचे चार कोपऱ्यांत, आणि मधोमध एक उंच पाठीची खुर्ची. खटका ओढला की तिची पाठ मागे जाते आणि पाय ठेवायची फळी वर येते. ती खुर्ची ह्यांची. मी बाजूच्या कोचावर ताठ बसते, मला लोळत सिनेमा बघणं जमत नाही.

सिनेमा कुठलाही असो, रड एकच. माणसं बोलतात ते ऐकू येत नाही. नट मोठमोठे पैसे घेतात आणि उशीत तोंड खुपसल्यासारखे बोलतात. मग रिमोट उचलायचा, आवाज वाढवायचा. तेवढ्यात काहीतरी फुटतं, कोसळतं, गाड्या गाड्यांवर आदळतात, आणि स्वयंपाकघरातल्या बश्या थरथरतात. की पुन्हा कमी करायचा.

"सिनेमा बघतोय की दूध उतू जाऊ नये म्हणून उभे आहोत," मी म्हटलं, तेव्हा हे हसले. ह्यांचं हसू आता दिसतं, ऐकू येत नाही.

गळ्याचं ऑपरेशन झालं त्यात ह्यांचा आवाज गेला. कुजबूज तेवढी उरली. मांडीला मांडी लावून बसलं तर शब्द कळतात, दोन पावलं सरकलं की नुसता वारा. कान मात्र शाबूत. म्हणून गळ्यात शिट्टी घातली आहे. घुसमटले, पडले, काही लागलं तर फुंकायची. शिट्टी जुनीच, धंद्यातली.

धंदा आमचा भोंग्यांचा. सभा, लग्नं, शर्यती, दुकानांची उद्घाटनं, जिथे चार माणसं जमायची तिथे आमचे भोंगे भाड्याने जायचे. मला ते काम कुणी शिकवलं नाही. मशीन उघडली, चटके खाल्ले, शिकले. मी मशीनपाशी आणि हे मैदानाच्या पार शेवटच्या टोकाला, कारण मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला मैदान कधी ऐकू येत नाही. मग ह्यांचा हात बघायचा. तळवा वर केला, वाढव. तळवा खाली, कमी कर. मूठ वळली, बांध. मूठ दिसली की मी बटणावर चिकटपट्टी मारायची, आणि मग पुढारी येवो नाहीतर नवरदेव, त्या पट्टीला कुणी हात लावायचा नाही. ह्याला आम्ही आवाज बांधणं म्हणायचो. मशीनवरच्या आवाज मोजायच्या काट्याकडे मी आयुष्यात बघितलं नाही. गर्दीच्या डोक्यांवर तेवढा हात दिसायचा, तो पुरे.

लोक मला भोंगाबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि मी ओ द्यायचे.

२

तर मी ठरवलं, ह्या खोलीचा आवाज आपणच बांधायचा. मुलगा म्हणाला होता, "आई, त्याला नको हात लावूस, रविवारी मी बघतो." असे पुष्कळ रविवार येऊन गेले होते.

त्या यंत्राचं पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचून काढलं. गोष्ट सोपी आहे. बोलणं जवळजवळ सगळं त्या टीव्हीखालच्या लांबट स्पीकरमधून येतं, तो एकटा वर उचलता येतो. आणि आणखी एक सोय असते, घरात कुणी झोपलं असेल तर वापरायची. ती मोठा आवाज दाबते आणि बारीक आवाज उचलते. किती दाबायचा, किती उचलायचा, ते आपल्या हातात.

यंत्र खोलीच्या मागच्या बाजूला कपाटात आहे, म्हणजे खुर्चीच्या पाठीमागे. ह्यांना खुर्चीत बसवलं. "जुनी रीत," मी म्हटलं. ह्यांनी मान डोलावली आणि खटका ओढून आडवे झाले. मागून मला खुर्चीची काळी पाठ दिसत होती, बस्स.

सिनेमातला एकच तुकडा निवडला. नवराबायको जेवणाच्या टेबलाशी बसून घर सोडून जायचं की नाही ते हळू आवाजात बोलतात, आणि मग बाहेरचा पूल कोसळतो. तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा.

नवराबायको बोलले. खुर्चीच्या पाठीवरून हात वर आला, तळवा वर. मी वाढवलं. पूल पडला. तळवा खाली. कमी केलं. पुन्हा टेबल. तळवा वर. मी म्हटलं, "अजून?" हात तसाच. वाढवलं. मला जरा जास्त वाटत होतं, बायकोच्या चमच्याचा बशीवरचा किणकिणाटसुद्धा यायला लागला होता. पण म्हटलं ना, मशीनपाशी उभ्या माणसाने आपल्या कानाचं ऐकायचं नसतं. पुन्हा पूल. तळवा खाली, आणखी खाली. शेवटी पूल पडला तो एखाद्याने पोतं ठेवावं तसा पडला, आणि खुर्चीवर मूठ वळली.

मी कपाटातून चिकटपट्टी काढली, दाताने तोडली आणि बटणावर मारली.

तेवढ्यात अंगणाचं दार उघडलं आणि हे आत आले. हातावर वाळलेल्या कपड्यांची चळत, सगळी घडी घातलेली. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "झालं?"

"तुम्ही कधी गेलात?"

"पहिल्यांदा पूल पडला तेव्हा. तुला हात केला की, जाऊन येतो म्हणून."

ह्यांच्या घड्या म्हणजे दुकानातल्या. सदऱ्याची एकेक बाही सरळ करतात. एवढी चळत काही क्षणात होत नाही. पण मी स्वतःला म्हटलं, मी वाकून तारा बघत होते तेव्हा हे गेले असतील, मूठ त्याआधीची असेल, म्हाताऱ्या डोळ्यांना मागचंपुढचं कळत नाही. मी खुर्चीपाशी गेले. पाय ठेवायची फळी वर होती. ती खाली केल्याशिवाय त्या खुर्चीतून कुणाला उठता येत नाही. ह्यांना तर मुळीच नाही.

मी खटका दाबून फळी खाली केली आणि चहा ठेवायला गेले.

३

आवाज मात्र असा बसला की विचारू नका. नट उशीतून बाहेर आले. धडामधुडूम सगळं मांजरासारखं पायाशी. मुलगा संध्याकाळी ऐकून म्हणाला, "आई, तू तर माझं कामच काढून घेतलंस." सून म्हणाली, "आईंना आता शेजारचेही बोलवतील."

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. मागून शब्द आले, "अगं, माझा चष्मा बघितलास का?"

मी वळून बघितलं. कुणी नाही. हे समोरच्या खोलीत होते, दोन दारं पलीकडे, आणि कुजबुजीतच बोलले होते. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. ऑपरेशन झाल्यापासून ह्यांनी मला दुसऱ्या खोलीतून हाक मारली नव्हती. मारली असेल, मला आली नव्हती.

"कपाटावर," मी म्हटलं.

"मिळाला," तिकडून आलं. स्वच्छ. अक्षर न् अक्षर.

मी पदराने डोळे टिपले. कांदा नव्हता चिरत.

मग आम्ही पोरासोरांसारखं तेच करत बसलो. हे बाहेरच्या पायरीवरून बोलायचे, मी न्हाणीघरातून उत्तर द्यायचे. मी मनाशी हिशेब मांडला की नवे जाड पडदे लावलेत, खोल्यांतली घुमक गेली, म्हणून बारीक आवाज पोचतो. पडदे आवाज खातात हे खरंच आहे. फक्त ते कुठला खायचा आणि कुठला सोडायचा हे निवडत नाहीत.

कारण दुसरंही काहीतरी होत होतं. वाऱ्याने दार आपटलं, ते कुणी अलगद लोटल्यासारखं. सुनेच्या हातून पातेल्यांची अख्खी रास घरंगळली. ती कानांवर हात घेऊन डोळे मिटून उभी राहिली, आणि आवाज आला तो वाटी ठेवल्याएवढा. तिने एक डोळा उघडला. "आई, हे पडलं ना आत्ता?"

"पडलं," मी म्हटलं.

"काय?"

"पडलं म्हटलं."

ती माझ्याजवळ आली आणि कपाळाला हात लावून बघायला लागली. "घसा बसलाय का तुमचा? किती हळू बोलताय."

मला. हळू बोलताय. ज्या बाईने भोंग्याशिवाय अख्खं मैदान गप्प केलंय, तिला.

४

मग घर चालू लागलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. जे आवाज घरात असतात पण कुणी ऐकत नाही, ते वर आले. नळाच्या पोटातला थेंब. पडद्याच्या कड्यांची कुरकूर. वरच्या मजल्यावरच्या लाकडी कपाटात काहीतरी सुकत जाताना करतं तसला आवाज. मला त्यात काही वाटत नव्हतं. मी जन्मभर गुणगुण करणाऱ्या मशीनी दुरुस्त केल्या, प्रत्येक गुणगुणीला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा सैल तारेत असतं.

ह्यांना पहिल्यापासून पुटपुटायची सवय. धंद्यात होते तेव्हाही तारा गुंडाळताना ओठ हलायचे. मी कधी कान दिला नाही, कामाच्या रगाड्यात नवऱ्याचं पुटपुटणं कोण ऐकत बसतं. आता ऐकू यायला लागलं.

एका दुपारी मी जिन्यात बसून पायाला तेल चोळत होते. हे सिनेमाच्या खोलीत, टीव्ही बंद. ह्यांचं पुटपुटणं येत होतं. कपड्यांचं, जुन्या मित्राचं, घशात टोचतं त्याचं. साधंच सगळं. पण मध्ये मध्ये हे थांबत होते. पुटपुटणारा माणूस थांबतो तेव्हा तो विसरलेला असतो, किंवा दमलेला. हे तसं थांबत नव्हते. "डॉक्टर म्हणाला जपायचं," म्हणायचे, आणि एखाद्याला बोलायला जागा द्यावी तेवढे थांबायचे. मग "तेच तर," म्हणायचे.

मी चोळायचं थांबवलं. श्वास धरला. त्या रिकाम्या जागेत शब्द नव्हते. पण माणूस बोलायला सुरुवात करताना आधी श्वास घेतो ना, ओठ सुटतात तो बारीकसा आवाज, तो होता. माइकपाशी उभी राहून मी तो हजारदा ऐकला आहे. तो माझ्या ओळखीचा आवाज आहे.

मी तेलकट हातानेच खोलीत गेले. हे खुर्चीत, हात मांडीवर.

"कुणाशी बोलताय?"

ह्यांनी आश्चर्याने बघितलं. "तुझ्याशीच."

"मी जिन्यात होते."

"मग हं हं कोण म्हणत होतं?"

हे थट्टा करत नव्हते. ह्यांना थट्टा करताना मी ओळखते, डावी भुवई आधी हसते. भुवई जागेवर होती.

"मीच म्हणत असेन," मी म्हटलं. ह्यांनी हात कानामागे नेला. म्हणजे ऐकू आलं नाही.

५

मी वाटाणे सोलत होते. खिडकी उघडी, ऊन ओट्यावर. कुठेतरी लांब एक पाखरू चिवचिवत होतं. एकच सूर, ओढलेला, मग तुटलेला, मग पुन्हा ओढलेला. मी म्हटलं, हे कुठलं नवीन. शेंगा सोलत राहिले. तेवढ्यात कोपऱ्यात कुणीतरी चमचा ठेवला असं वाटलं. पाखरू थांबलं.

मग अगदी कानाशी, ह्यांची कुजबूज: "अगं."

अंगणाच्या पायऱ्यांखाली हे पडले होते. उठायला म्हणून धरलेली कुंड्यांची मांडणी ह्यांच्या अंगावर, माती, खापरं, कपाळातून रक्त डोळ्यात उतरलेलं. शिट्टी ओठांत. फुंकून फुंकून ह्यांचे ओठ निळे पडले होते. मी ते पाखरू ऐकलं होतं. शेंगा सोलत ऐकलं होतं. आणि लोखंडी मांडणी कोसळली तो माझा चमचा.

एकटीला उचलणं शक्य नव्हतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारची दातांची डॉक्टरीण झाडांना पाणी घालत होती. चार-पाच पावलांवर, पाठमोरी. मी ओरडले. बेंबीच्या देठापासून ओरडले, नस तट्ट फुगली, घशाला रक्ताची चव आली. बाई गुणगुणत पाणी घालत होती. तिचं गुणगुणणं मला ऐकू येत होतं, मला माझी किंकाळी ऐकू येत नव्हती.

हे माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. ओठातली शिट्टी सुटली. "पाणी," एवढंच कुजबुजले.

डॉक्टरीण गर्रकन वळली. "आजोबा?" म्हणाली. आणि मग तिने मला बघितलं, तोंड वासून बसलेलं, आणि तिच्या हातातला पाइप गळून पडला.

कपाळाला टाके पडले, मनगटाला प्लॅस्टर. मुलगा माझ्यावर चिडला नाही, तेच वाईट. मला बाजूला घेऊन, लहान मुलाशी बोलतात तसं म्हणाला, "आई, शेजारणीला बाबांचं ऐकू गेलं, आणि तू घरात होतीस. तुझे कान दाखवून घेऊ या का?"

"माझे कान बरे आहेत," मी म्हटलं.

"आणि घसाही दाखवू," तो म्हणाला, वाकून, माझ्या तोंडाजवळ कान आणून.

६

मी यंत्राची सगळी वायर भिंतीतून उपटली. चिकटपट्टी सोलून काढली. घर तसंच राहिलं. शिट्टी मी स्वतः फुंकून बघितली, गाल दुखेपर्यंत. पाखरू.

दिवसभर विचार केला. ज्या गोष्टीला कारण सापडत नाही तिच्यापुढे हात जोडून बसणारी मी बाई नाही. कारण नाही सापडलं तरी काम कसं झालं ते मला ठाऊक होतं. हातावर बांधलं होतं. मग हातावरच सोडायचं, दुसरं काही मला सुचलं नाही.

ह्यांना सांगितलं. ह्यांच्या कानाला तोंड लावून सांगावं लागलं. हे पट्टी बांधलेल्या कपाळावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे मी परत मुका," म्हणाले.

"मुके नाही. जवळ बसलं की येतं ऐकू."

"तू जवळ कधी बसतेस? तुझं सगळं चालता चालता." मग हसले, आणि हसणंही मला ऐकू आलं, किती दिवसांनी, खोल विहिरीतल्यासारखं. "तू स्वयंपाकघरातून ओ देतेस ना, मला ते फार बरं वाटतं गं."

"मलाही वाटतं," मी म्हटलं. "पण पुढच्या वेळी शिट्टी फुंकलीत तर मी वाटाणे सोलत बसेन. ते मला नाही चालणार."

ह्यांनी मग शिट्टी हातात धरून मान डोलावली. तरी माझ्या दंडाला धरून म्हणाले, "पण मग ती पण नाही ना ऐकू येणार?"

"कोण?"

ह्यांनी सिनेमाच्या खोलीकडे बघितलं.

७

ह्या वेळी खुर्ची रिकामी ठेवली. फळी खाली, पाठ सरळ, मी स्वतः बघितलं, हाताने चाचपूनही बघितलं. ह्यांना माझ्याजवळ, कपाटापाशी स्टुलावर बसवलं. पदराचं टोक ह्यांच्या चांगल्या हातात दिलं. "तुम्ही बोलत राहा," मी म्हटलं, "काही पण. म्हणजे मला कळेल किती उतरलं."

वायर जोडली. टेबलाशी नवराबायको आले, घर सोडायचं की नाही.

जुन्या दिवसांत माइक तपासताना म्हणायचे तेच ह्यांनी लावलं. "ऐकतेस ना. ऐकतेस ना. हे पहिलं टोक. ऐकतेस ना."

मी बोलण्याचं बटण खाली फिरवायला हात लावला. समोर, काळ्या पाठीवरून, हात वर आला. तळवा वर.

मी तो नीट बघितला असं म्हणणार नाही. टीव्हीचा उजेड मागून येत होता, कडा तेवढ्या दिसत होत्या. चार बोटं, अंगठा. सवयीचा हात, घाई नसलेला. सगळ्या आयुष्यात मी ह्या खुणेला नाही म्हटलं नव्हतं, आणि माझी बोटं, देवाशपथ, उजवीकडे वळायला लागली. बटण वर गेलं. त्या जेवणाच्या टेबलावरची बाई श्वास घेते तोही खोलीभर झाला.

माझ्या डाव्या बाजूला पदर ओढला गेला. मी बघितलं. ह्यांनी प्लॅस्टरचा हात कसाबसा उचलला होता. दुखत होतं, दात आवळलेले. तळवा खाली.

समोर वर. शेजारी खाली.

मी समोर बघायचं सोडलं. ह्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि पाठीमागे हात नेऊन बटण फिरवलं. खुर्चीतून कुणी मान वळवून बघतंय असं वाटत होतं. मी वळले नाही.

"ऐकतेस ना. ऐकतेस ना." शब्द पातळ झाले. "ऐकतेस," आणि पुढचं अक्षर गेलं. मी थांबले. ह्यांनी तळवा आणखी खाली नेला. डोळ्यांत पाणी होतं, पण हात हलत नव्हता. मैदानाच्या टोकाला उभे असायचे तसाच हात. मी फिरवत गेले. ह्यांचे ओठ चालू होते, मला दिसत होतं काय म्हणतायत ते. मग पूल पडला, आणि तो असा पडला की कपाटाची काच तडकली, आणि ह्यांनी मूठ वळली.

मी पट्टी मारली. दुहेरी.

"फुंका," मी म्हटलं, आणि माझा आवाज खोलीत घुमला, माझाच, भोंगाबाईचा.

ह्यांनी शिट्टी फुंकली. कान फाटले. बाहेरून डॉक्टरीण धावत आली, "आजोबा पडले का?" म्हणत. मी खुर्चीकडे तेव्हा बघितलं. खुर्ची रिकामी होती. पाय ठेवायची फळी वर होती.

८

आता दुपारी आम्ही सिनेमा बघत नाही. यंत्र मुलाने वरच्या मजल्यावर नेलं. खुर्ची टाकून द्या म्हटलं तर हे ऐकेनात, पाठीला तीच बरी वाटते. मग मी कोच फिरवून घेतला. टीव्हीकडे पाठ, ह्यांच्याकडे तोंड. चालता चालताची कामं बंद केली, वाटाणेसुद्धा इथेच सोलते. जवळ बसले आहे. गुडघ्याला गुडघा लागेल एवढी.

घर पूर्वीसारखं झालं आहे. दार आपटतं, पातेली खणखणतात, मी एक हाक मारली की सून वरच्या मजल्यावरून ओ देते. शिट्टीची मी रोज परीक्षा घेते.

हे बोलतात, आणि मी जवळ असले तर शब्द कळतात. माझ्याशी बोलतात ते कळतात. पण काही वेळा ओठ हलतात आणि काहीच येत नाही, इतकं हळू. मग थांबतात. जागा देतात. मान हलवतात. पुन्हा ओठ.

परवा असेच थांबले आणि हसायला लागले. खांदे हलत होते, डोळे पुसत होते, ज्या हसण्याचा आवाज मी घालवला ते हसणं. मी शेंग हातात घेऊन बघत राहिले. हसता हसता ह्यांनी माझ्याकडे मान वळवली, आणि मला कळावं म्हणून पुढे वाकून म्हणाले, "तू का नाही हसत? तूच तर म्हणालीस."

"मी काही बोलले नाही," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. कान दुसरीकडे होता.

"अहो, मी बोललेच नाही," मी ओरडले. खिडकीची काच थरथरली. "मी इथे आहे, इथे, तुमच्यासमोर."

ह्यांचा चेहरा जरासा आक्रसला, सिनेमा चालू असताना मध्येच कुणी बोललं की आक्रसतो तसा. रागाने नाही. ह्यांनी माझ्यावर कधी राग केला नाही. नजर माझ्यावरून काढून घेतली, मान थोडी त्या बाजूला कलती केली, आणि माझ्या दिशेने हात उचलला.

तळवा खाली.